माझ्या कमोडोरचा जन्मदेश

मंडळी, आजचा सगळा शनिवार इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या एका गॅरेजमध्ये गेला. दमलोय यार.

माझी जुनी सेडान म्हणजे मूळची ऑस्ट्रेलियन कमोडोर, दणदणीत व्ही-एट इंजिनची. जहाजाने इथे आली, अमेरिकन बॅज लावून विकली गेली. पुढे तिथला कारखानाच बंद पडला.

मेकॅनिकने चेसिस नंबर बघितला. "सहाने सुरू होतो, म्हणजे ऑस्ट्रेलियात बनलेली. बिघडलेला पार्ट तिथूनच येणार. कधी ते सांगता येत नाही."

सोबत आलेली लेक हसली. "बाबा, सेम अ‍ॅज युवर ग्रीन कार्ड!"

खरंय. इथे चौदा वर्षं झाली, तरी माझी रांग जन्मदेशावरूनच ठरते.

वैतागून म्हटलं, "विकूनच टाकतो."

"बट बाबा, शी लिव्हज हिअर!"

हे ग्रीन कार्डच्या फॉर्मवर नेमकं कुठे लिहायचं, कोणाला माहीत आहे का?