मिठाचा हात

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला मिठाबद्दल विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. मी गेले होते दम लागतो म्हणून. गच्चीवर शेंगदाणे वाळत घालायला जिना चढायचा म्हटलं की मधेच टेकायची वेळ यायची, आणि सकाळी उठल्यावर डोक्याच्या मागं नुसतं जड जड. आता यात मिठाचा काय संबंध? मी म्हटलं, आम्ही साधं जेवणारी माणसं, ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी. पापड? असतो की. लोणचं? ते काय कुणी वाटीभर खातं का. मग त्यांनी चटणीचं विचारलं, तेव्हा मात्र मी ताठ बसले. म्हटलं, बाई, सात रस्त्याजवळ शेंगाचटणीचं दुकान आहे आमचं. मी चटणी खात नाही, चाखते.

"चाखता म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, त्यामुळं सगळं सांगत बसले. शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं डंकात कुटून बाहेर येतं ते तेल सुटलेलं, गरम असतं. ते परातीत काढायचं आणि मग मीठ. आमच्याकडं मीठ मोजत नाहीत, हातानं घालतात. मुठीनं घालायचं, कालवायचं, चिमूटभर तळहातावर घेऊन चाटायचं. कमी वाटलं की पुन्हा घालायचं, पुन्हा चाटायचं. प्रत्येक घाण्याला, म्हणजे डंकातून निघालेल्या दर खेपेला असं. आणि हे सगळं रिकाम्या तोंडानं, कारण तोंडात काही गेलं की जीभ खोटं बोलते, असं सासूबाई सांगायच्या. दिवाळीच्या दिवसांत तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घाण्यावर घाणे. सासूबाईंच्या मागं हा हात माझ्याकडं आला. गल्लीत म्हणायचे, मिरची कुठलीही आणा, चव यांच्या हाताची. मला त्याचा लई अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मशीनवर माझं हृदय दाखवलं. म्हणाल्या, रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला दिसतोय, तुम्हाला कळलंच नाही. त्याच्याविरुद्ध जोर लावून लावून हृदयाची भिंत जाड झालीय. पैलवानाचे दंड फुगतात तसं, फक्त दंड फुगलेले चांगले, हृदय नाही. अजून मोठं नुकसान झालेलं नाही, म्हणून आत्ताच आवरायचं. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. रोज चालायचं, वजन उतरवायचं, झोप पुरेशी घ्यायची. मीठ निम्म्यावर आणायचं, पापड-लोणचं सणापुरतं, जेवताना वरून मीठ घ्यायचं नाही. आणि हे चाखणं कमी करायचं. शेवटच्याला मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पहिले काही दिवस मी ताटावर बसून रडले. मी रडणारी बाई नव्हे, पण ती आमटी म्हणजे नुसतं पिवळं गरम पाणी. आमचे मालक मात्र कुणी न सांगता माझ्याच भांड्यातलं जेवायला लागले. प्रत्येक घासाला चेहरा असा, की औषध गिळतायत. कसं झालंय म्हटलं की म्हणायचे, मस्त. लबाड माणूस. सून लिंबू पिळून, लसणाची फोडणी देऊन, कोथिंबीर पेरून काहीबाही जमवायची. ती अकलूजची. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं, ती आली तेव्हा तिला कानडीचं अक्षर येत नव्हतं, तरी पहिल्या दिवसापासून मला अत्ती म्हणते, कानडीत सासूला म्हणतात तसं. पण आमटीत गुळाचा खडा टाकायची तिची खोड. उसाच्या गावची पोर, तुझ्या जिभेवर साखर कारखाना आहे, असं मी तिला चिडवायची. चिडवायची कसलं, टोमणेच मारायची. परातीजवळ तिला मी कधी फिरकू दिलं नव्हतं.

मग एक दिवस सकाळी कोरडी भाकरी तोडून तोंडात टाकली आणि मला ज्वारी लागली. म्हणजे ज्वारीची चव. आयुष्यभर भाकऱ्या खाल्ल्या, पण ती गोडूस, मातीसारखी चव मला पहिल्यांदा कळली. मग वांगं लागलं, मेथी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जीभ शिकते, तिला दोन-तीन महिने द्या. तोपर्यंत चाखणं घाण्याला एका चिमटीवर आलं होतं आणि मालकांबरोबर रोज तळ्याच्या कडेनं चालणंही अंगवळणी पडलं होतं. जिना एका दमात चढायला लागले. रक्तदाब उतरला. मी एवढी खूश, की गल्लीत दिसेल त्या बाईला पकडून मीठ कमी करायला सांगायची. बायका मला बघून दार लोटून घ्यायला लागल्या.

आणि त्याच सुमाराला मास्तर आले. मास्तर म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक, पुण्याच्या लेकीला दर महिन्याला आमची चटणी पाठवतात. चाचरत म्हणाले, की वहिनी, चटणीत काहीतरी कमी वाटतंय. मी त्यांना तिथल्या तिथं सुनावलं, वय झालं की तोंडाची चव जाते म्हणून. बिचारे गप निघून गेले. पण नंतर दुसरं कुणी बोललं, मग तिसरं. पाकिटं परत यायला लागली. मी आधी शेंगदाण्याला दोष दिला. मग मिरची बदलली, मग लसूण. डंकावरच्या दोघी बायकांना बारीक कुटत नाही म्हणून फैलावर घेतलं. काही केल्या चव जमेना. मुलगा नुसता गल्ल्यावर मान खाली घालून बसायचा. ते बोलण्यापेक्षा वाईट.

अक्कलकोटकडं भाचीचं लग्न होतं, तिथं उलगडा झाला. पंगतीत आमटीचा पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. नुसता खारट जाळ. शेजारच्या बाईला म्हटलं, आचाऱ्याचं लक्ष कुठं होतं हो? तिनं माझ्याकडं बघितलं आणि वाढप्याला हाक मारून आणखी आमटी घेतली. मी पंगतीवरून नजर फिरवली. सगळे ओरपत होते. आमटी बरोबर होती. शेंगदाणे, मिरची, त्या दोघी बायका, सगळं बरोबर होतं. बदलली होती ती माझी जीभ, आणि तिच्या भरवशावर मी दुकानाची चटणी अळणी करून विकत होते.

मला भीती वाटली, मरणाची वाटली नव्हती तेवढी. हात गेला तर माझं काय उरलं? गल्ल्याशेजारी बसून पाकिटांवर शिक्के मारू? दोन दिवस झोप नाही, आणि तिसऱ्या दिवशी थेट दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, एक गोळी वाढवा आणि माझं मीठ मला परत द्या.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, गोळी एकीकडं ओढणार, मीठ दुसरीकडं, आणि मधे तुमचं हृदय. चटणी दुसरं कुणीही चाखू शकतं. तुमच्या हृदयाचं काम दुसरं कुणी करू शकत नाही."

मला त्यांचा राग आला आणि त्या खरं बोलतायत हेही कळलं. रिक्षात मालक रस्त्याकडं बघतच म्हणाले, चाखायचं सुनेला बघू दे की.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेला परातीजवळ बोलावलं. ती आधी मागं वळून बघायला लागली, दुसऱ्या कुणाला बोलावलं की काय. चाखलं, डोळे मिटले, मीठ घातलं, पुन्हा चाखलं, पुन्हा घातलं. मला वाटलं, जास्त झालं. तोंड उघडलं आणि मिटलं. मला काय कळत होतं आता?

त्या घाण्याची चटणी मास्तरांनी दुकानात उभ्या उभ्याच खाल्ली. बोट चाटून म्हणाले, वहिनी, हात परत आला तुमचा. मुलाचा चेहरा फुलला. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मागं दारात सून उभी होती.

"माझा न्हाय मास्तर," मी म्हटलं. "सुनेचा हाय."

बोलून झाल्यावर हलकं वाटलं. त्या दुपारी आमटीत उघड उघड गूळ होता. मी मुकाट्यानं जेवले. चांगली होती, आता काय करणार.

गाडी रुळावर आली. मास्तर पुण्याला पाकिटं धाडायला लागले, मी चालायला, जेवायला, बायकांना छळायला मोकळी. मग दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या. एक दिवस मी परातीजवळच पाटावर बसून पाकिटं बांधत होते आणि माझं लक्ष सुनेकडं गेलं. सकाळपासून घाण्यावर घाणे. तळहात, चिमूट, जीभ. पुन्हा तळहात, चिमूट, जीभ. मधेच तांब्याभर पाणी गटागटा प्यायची. संध्याकाळी कपाळ दाबत म्हणाली, अत्ती, आज डोकं नुसतं जड झालंय. डंकाच्या आवाजानं असंल, असं तीच म्हणाली. पण तिच्या वयाची असताना मीही असंच काहीतरी म्हणायची, आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"उद्यापासून तू चाखायचं न्हाय," मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम उतरला. तिला वाटलं, मी हात परत मागतेय. परात हळूच बाजूला सरकवून तिनं विचारलं, "माझं काय चुकलं का, अत्ती?"

मी तिला जवळ बसवलं. सांगितलं, एक शेवटचा घाणा तू तुझ्या जिभेनं कर. आधी मिठाचा डबा वजन करून ठेव, चव जमली की पुन्हा वजन कर. जेवढं कमी भरलं तेवढं आपलं मीठ, दर घाण्याला तेवढंच मोजून. मग कुणी हात चाटायचा नाही. तूही नाही, आणि तुझ्यानंतर येईल तीही नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर त्या डॉक्टरीणबाईंकडं चल, एकदा तुझाही रक्तदाब बघून घेऊ.

ती गोंधळून बघत राहिली. "मग अत्ती, हात गेलाच की आपल्या घरातला. एवढा तुमच्या सासूबाईंपासून सांभाळलेला."

"जाऊ दे," मी म्हटलं. "मला तू पायजेस."

ती माझ्या खांद्याला टेकून तशीच बसून राहिली, एवढी वर्षं घरात असून पहिल्यांदाच. मग उठली, तळहाताचं मीठ पदराला पुसलं आणि वजनकाटा आणायला दुकानात गेली.