बाबांच्या नावाने सोडलेले मासे

मला एका जागी बसवत नाही. बाबांना आतड्याचा कॅन्सर झाल्याचं कळलं, तेव्हापासून तर हातांना सतत काहीतरी काम हवं होतं. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, धावपळ नवऱ्याने केली, माझ्या वाट्याला नुसती काळजी आली. म्हणून एका सकाळी वाशीहून बेलापूरला, आमच्या जुन्या गावात गेले आणि गावदेवीपुढे नारळ ठेवून बोलून बसले, ‘बाबा बरे होईपर्यंत वशाट खाणार नाहीत.’ मासे, मटण, अंडी, सगळंच बंद.

आमच्यात नवसाला जीव की प्राण असलेली गोष्ट सोडतात. मला माशांचं फारसं वेड नाही. मी ते सोडून देवीला काय मोठं मिळणार होतं? बाबा मात्र खाडीकाठी वाढलेले. चिखलातल्या निवट्या माशांच्या कालवणासाठी ते लग्नाच्या पंगतीतून उठून आले असते. तेव्हा मी त्यांचंच सोडलं, त्यांना न विचारता. घरी येऊन सांगितलं, तर म्हणाले, “बरा केलास, बाय.”

मग केमो सुरू झाली आणि तोंडाची चव गेली. मी पेज, मऊ वरणभात, दुधीची भाजी घेऊन त्यांच्या मागे मागे फिरायची. डब्यातल्या प्रोटीन पावडरच्या तर नुसत्या वासानेच त्यांना उलटी यायची. मी चिडायची, मग चिडल्याचं वाईट वाटायचं, मग पुन्हा पेज. रोज सकाळी त्यांना काट्यावर उभं करायची. बनियनमधून त्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या.

तिसऱ्या डोसच्या दिवशी डॉक्टरांनी वजन बघितलं आणि डोस पुढे ढकलला. शरीरात ताकद नसताना औषध दिलं तर झेपणार नाही, म्हणाले. आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. वयाने माझ्या लेकीएवढी असेल.

“मासे, अंडी खातात ना?” तिने विचारलं.

“खातात की. सगळं खातात,” मीच बोलले. एवढ्या चकाचक दवाखान्यात नवसाचं सांगायची लाज वाटली. बाबा खाली फरशीकडे बघत राहिले.

आठ दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. ऑफिसातून दिवसाला दहादा फोन करायची, काय खाल्लं, किती खाल्लं. पुढच्या खेपेला वजन आणखी उतरलं होतं. डोस पुन्हा राहिला. ती मुलगी कागद बाजूला ठेवून म्हणाली, “मॅडम, सगळं खातात तर मग जातंय कुठे? असंच चाललं तर पुढचा डोस कधी देता येईल, सांगता येत नाही.”

तेव्हा मी नवसाचं सांगून टाकलं. रागावेल असं वाटलं होतं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाबांना विचारलं, “काका, तुम्हाला काय खावंसं वाटतं?”

इतक्या दिवसांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

“निवट्या,” बाबा लगेच म्हणाले.

त्याच दिवशी देवीपुढे जाऊन शब्द मागे घेतला आणि त्याबदली माझा चहा सोडला. दिवसाचे सहा कप पिणारी बाई मी! येताना कोळणीकडून निवट्या आणल्या, कमी तिखटाचं पातळ कालवण केलं. बाबांनी वाटी नाकाजवळ धरली. चार घास भराभर खाल्ले, पाचवा कसाबसा. मग वाटी सरकवली.

“खा ना अजून!” मी सवयीने ओरडले. “आता तर मोकळीक आहे!”

“आता जात नाय, बाय. तवा भूक व्हती. शेजारी मासली तळली का रोज भूक लागं.”

“मग बोलला का नाहीत? एका शब्दाने बोलायचं होतं!”

“तुला तेवढाच आधार व्हता,” ते म्हणाले. “तो कसा मोडू?”

मला रडू फुटलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि एवढे दिवस ते माझ्यासाठी उपाशी राहिले होते. त्यांनीच हात पुढे केला, सरकवलेली वाटी ओढली, आणि माझ्याकडे बघत सहावा घास तोंडात घातला.