लाल अक्षरातलं चांगलं दूध

आमच्या दूध संघात संगणकाच्या अक्षरांना रंग आला आणि त्यापायी एका बाईच्या म्हशीची अब्रू गेली. नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. मी प्रयोगशाळेत होतो. गावोगावच्या कॅनमधलं दूध तपासायचं आणि निकाल संगणकात भरायचा, एवढंच माझं काम. पडद्यावर गावाचं नाव आणि पुढे ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ उमटे. सगळं पांढऱ्या अक्षरात, म्हणजे वाचावं लागे. आमच्या साहेबांना नेमका त्याचाच कंटाळा.

त्यांचा भाचा राजारामपुरीत संगणकाचा क्लास करून आला होता. त्यानं आमच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे निकाल दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक ओळ घातली आणि ‘रिजेक्ट’ लालभडक केलं. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले. लाल म्हणजे परत, बाकी आत. वाचायची कटकटच मिटली.

लाल रंग सुरू करायची खूण असते, तशी तो बंद करायचीही असते. ती भाच्याच्या क्लासमध्ये बहुधा पुढच्या महिन्यात शिकवणार होते.

दुसऱ्या दिवशी गगनबावड्याकडचा टेम्पो नेहमीसारखा सगळ्यात शेवटी आला. गावच्या दूध संस्थेचा सचिव कॅन उतरवताना म्हणाला, “आजपास्नं एक नवी बाई दूध घालाय लागलीया. एका म्हशीवर घर हाय बघा तिचं.” दूध मी स्वतः तपासलं. झकास होतं. पण त्याच्या आधीच्या गावचं दूध आंबलेलं निघालं होतं, आणि तिथून रंग बंदच झाला नव्हता. पडद्यावर उमटलं, लाल अक्षरात ‘ओके’.

“परत,” साहेब म्हणाले.

“साहेब, ओके लिहिलंय की,” मी म्हटलं.

“मग लाल का हाय?”

कपाळ माझं! सचिव मान खाली घालून कॅन परत घेऊन गेला. काम संपल्यावर स्क्रिप्टनं नेहमीचं ‘थँक यू’ म्हटलं, तेही लाल. तेव्हा कुठे भाच्याची ट्यूब पेटली. त्यानं दुपारी चूक दुरुस्त केली आणि मामांनी त्याची पाठ थोपटली. गावाला कळवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा नाही.

सकाळी सचिव आला तो छाती काढूनच. त्याचं गाव पांढऱ्या अक्षरात उमटलं.

“बगितलंसा? काल सांजंलाच त्या बाईचं दूध बंद केलं. आज हाय का लाल?”

मी म्हटलं, “अहो, दूध चांगलंच होतं. चूक मशीनची होती. काल दुपारी दुरुस्त केली.”

तो हसला. “पावणं, बाई काढली आनि मशीन सुदारलं व्हय? आमी खुळं न्हाय.”

मी तावातावानं साहेबांकडे गेलो. म्हटलं, बाईचा दोष नव्हता असं दोन ओळीत लिहून द्या. साहेब म्हणाले, “आनि उद्या मशीनवर इस्वास कोन ठेवंल?” माझं डोकं असं सणकलं की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बाईला म्हैस पोसवेना. तिनं ती पडेल भावात विकली. घेतली सचिवानंच. त्याच म्हशीचं दूध पुन्हा आमच्याच संघात यायला लागलं. मी रोज तपासत होतो. त्या गावाची ओळ पुन्हा कधी लाल आली नाही.