आई लाइनपेटीवर बसली

ये गं, अशी जवळ सरक. आणि आधी ते हसणं पुरे कर. परवा फोनवर मी म्हटलं, दुधाच्या लाइनीत उभी होते, तर केवढी हसलीस. "मावशीआजी, रांग म्हण ना, मराठीत बोल." वा गं वा. पुण्याला सासर मिळालं तर झाशीची मराठी लगेच हसण्यासारखी झाली होय? तू समोर नाहीस आणि मी कागदाशी बोलतेय, हे कळतं मला. पण कुणी जवळ बसलंय असं धरलं की मला लिहिता येतं.

आता ऐक. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली आणि स्टेशनात इंग्रजी, असं आमचं तिन्हीकडचं बोलणं. त्यात हा लाइन शब्द घरातल्या माणसासारखा वावरायचा. रेल्वे कॉलनीत एका ओळीत बांधलेली घरं म्हणजे आमची लाइन. "तुम्ही कोणत्या लाइनीत राहता?" असं बायका एकमेकींना विचारायच्या. साहेब लोक राहायचे ती सिव्हिल लाइन, शिपाई राहायचे ती पोलीस लाइन. दिवे गेले की सगळी कॉलनी म्हणायची, "लाइन गई." वाह्यात मुलगा नोकरीला लागला की "लाइन पर आ गया", आणि तोच मुलगा मुलींच्या शाळेपुढे सायकल घेऊन उभा राहिला की लाइन मारतो. रांग कुठे कुठे लावशील सांग बरं?

आणि या सगळ्यांच्या वर एक लाइन होती, ती दादांची. वडलांना आम्ही शेजारच्या बुंदेली मुलांसारखं दादाच म्हणायचो. दादा मालगाडीचे गार्ड. गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून हिरवी-लाल निशाणं दाखवायची, गाडी नीट चाललीय की नाही बघायचं, हे त्यांचं काम. ते गाडीवर गेले म्हणजे "लाइनवर गेले". घरात असले म्हणजे "लाइनवरून आले". आमचं जेवणखाण, न्हाणंधुणं, आईची भिशीसुद्धा त्यांच्या या येण्याजाण्यावर चालायची.

लाइनवर जाताना त्यांच्याबरोबर एक काळी पत्र्याची पेटी जायची, लाइनपेटी. तीत निशाणं, कंदील, तांदूळ-डाळ, लोणच्याची बरणी, पांघरूण. ही पेटी भरायची आईने आणि बंदही करायची आईनेच. झाकणाच्या आतल्या बाजूला ती कुंकवाचं बोट टेकवायची, मग कडी. त्यानंतर पेटीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, आणि तिच्यावर बसणं तर पापच. आमच्या लाइनीत सगळ्याच घरांत हा नियम होता. पेटीवर बसलं की माणसाची गाडी अडते म्हणायचे. माझा धाकटा भाऊ एकदा बसला, तर शेजारच्या काकींनीसुद्धा येऊन त्याला धपाटा घातला.

त्या हिवाळ्यात दादा जरा वेगळे वागायला लागले. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून ठेवायचे. पोळीवर तूप वाढलंय की नाही हे बोटाने चाचपायचे. दुपारी उन्हात बाहेर पडताना डोळ्यांवर हाताचा आडोसा. आई बघायची. मग एक दिवस ते तिला म्हणाले, "अगं, लाल निशाणाच्या दांडीला जरा दोरा गुंडाळून दे. जाडसा."

"कशाला?"

"हाताला पटकन सापडतं."

"आणि डोळ्याला?"

दादांनी वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं नव्हतं, पण वाचतही नव्हते ते.

आईने दोरा गुंडाळून दिला. मी बघत होते. गुंडाळून झाल्यावर तिने डोळे मिटून ती दांडी चाचपून बघितली. तिला काय कळलं होतं ते आज मला कळतं. लाल कुठलं आणि हिरवं कुठलं, हे दादा आता हाताने ओळखणार होते. डॉक्टरकडे गेले असते तर डॉक्टरांनी त्यांना लाइनवरून काढलंच असतं. लाइनवरून काढलेला गार्ड मग एखाद्या टेबलामागे बसायचा, आणि कॉलनीत त्याच्याबद्दल बोलताना लोक आवाज खाली करायचे. दादांना त्याची भीती होती. आईला भीती होती ती दुसरी. गाडीत पुढे इंजिनात दोघं, मागे हे एकटे, आणि वाटेवरच्या फाटकांवर माणसं.

मग एका दुपारी कॉलमन आला. गाडी तयार झाली की गार्डला घरी येऊन बोलावणारा तो कॉलमन. म्हातारा, मिशीवाला, आमच्या ओट्यावर हक्काने पाणी मागणारा. दादांनी त्याच्या वहीत सही केली, कोट चढवला आणि पेटी घ्यायला वळले. तर आई पेटीवर बसलेली.

हो, पेटीवर. मांडी घालून नाही, पण चांगली ऐसपैस, पदर कमरेला खोचून. मी आणि भाऊ भिंतीला चिकटलो.

"अगं, ऊठ. हे काय?"

"नाही उठत."

"गाडी उभी आहे."

"उभी राहू दे. आधी डोळे दाखवा, मग पेटी न्या."

कॉलमन दारातून म्हणाला, "बाईसाब, हमाए सामने काए लड़ रहीं? गाड़ी बन गई है."

"भैया, तुम पानी पियो," आई म्हणाली. "आज यह गाड़ी कोई और ले जाएगा."

दादांचा चेहरा लाल झाला. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "लोक काय म्हणतील? बायको पेटीवर बसली म्हणून गार्ड घरी राहिला?"

"म्हणू देत. तुम्ही घरी आहात एवढंच मला ऐकायचंय."

कॉलमनने पाणी प्यायलं, मिशी पुसली आणि वही परत उघडली. "गार्ड साब, तो सिक लिख दें?" आजारी लिहू का, असं तो विचारत होता. दादांनी मान डोलावली. मग कोट काढून खुंटीला लावला. खुंटी पहिल्यांदा चुकली त्यांची. आईने बघितलं आणि उठून त्यांच्या हातातून कोट घेतला.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन झालं, भिंगाचा जाड चष्मा आला आणि लाइन गेली. दादांना पार्सल ऑफिसात बसवलं. ते आईशी बोलेनात. वाढ, पुरे, ठेव, एवढंच. पेटी कोपऱ्यात पडून राहिली. आई तिच्यावरची धूळ पुसायची, पण उघडायची नाही.

माझी शाळा सातवीतच सुटली होती, पण कॉलनीचं वाचनालय सुटलं नव्हतं. तिथे एक जाडजूड इंग्रजी कोश होता, शब्द कुठून आला तेही सांगणारा. एक दिवस मी लाइन काढून बघितला. बसले की वाचत. पूर्वी म्हणे तिकडे विलायतेत जवसाच्या देठाचा धागा काढायचे. त्या जवसाच्याच नावावरून धाग्याला नाव पडलं. मग गवंडी ताणतो ती दोरी, दोरीसारखी सरळ रेघ, रेघेसारखी माणसं, घरं, रूळ, तारा. इतकं सगळं एका जवसातून. आपल्याकडे जवसाची चटणी नि तेल, बस. देठाकडे कोण बघतंय?

जेवताना मी हे सांगितलं. पानात जवसाचीच चटणी होती. दादा चटणीकडे बघत राहिले. मग आईकडे न बघता म्हणाले, "म्हणजे लाइन घरातच होती म्हणायची."

आई म्हणाली, "आणखी वाढू का?"

"वाढ. जवसाचं शेत कसं दिसतं गं?"

"इतकी वर्षं त्यातूनच जात होता ना?"

"मी डबे बघायचो, सिग्नल बघायचो. शेत कोण बघणार?"

पुढच्या रविवारी आईने लाइनपेटी उघडली. दांडीवरचा दोरा सोडवला, निशाणं ऑफिसात परत द्यायला बाजूला ठेवली, आणि पेटीत दशम्या, चटणी, पाण्याचा तांब्या ठेवला. झाकणाला कुंकवाचं बोट लावलं. सकाळच्या पॅसेंजरने आम्ही सगळे मऊरानीपुरकडे जवसाची शेतं बघायला निघालो. दादा आयुष्यात पहिल्यांदा आईशेजारी गाडीत बसले होते. खिडकीबाहेर जवस फुलात होता. निळा, अगदी फिका, जमिनीवर आभाळ उतरल्यासारखा. दादांनी चष्मा काढला, धोतराने पुसला, परत घातला. मग आईच्या हाताला हात लावून म्हणाले, "अगं, ते बघ." तिने बघितलं. तिला जवसाचं शेत माहेरी असल्यापासून ठाऊक होतं, तरी बघितलं.

ती पेटी माझ्याकडे आहे, खिडकीशी. आता तिच्यावर सगळेच बसतात, तू पण लहानपणी बसलीस. जवसाची फुलं दुपारपर्यंत गळून जातात, म्हणून सकाळची गाडी धरावी लागते. संक्रांत झाली की ये. जावयांनाही आण, त्यांना रांग म्हणू दे हवं तर. चटणी मी कुटून ठेवते. पण लवकर ये गं, माझाही चष्म्याचा नंबर वाढलाय.