वाडीभर वाटलेल्या गोळ्या

दत्ताराम कधी एकटा जेवला, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. गिरणीत होता तेव्हा एकाच खोलीत गावची सगळी मंडळी. याच्या पानातला बांगडा शेजारच्याच्या पानात गेलाच म्हणून समजा. स्वतःच्या लग्नात नवरदेव उठून पंगत वाढू लागला आणि नवरी घास हातात धरून बसलेली! ही बातमी मला तिनेच दिली, तीही चांगली फणकाऱ्याने.

गिरणी बंद पडली, तो गावी गेला. पुढे बायकोही वारली. मुलगी अनुपमा इथे मालाडला, आमच्या शेजारच्या दारात. गेल्या पावसाळ्यानंतर तिने बापाला जवळजवळ ओढूनच आणलं. छातीखाली आग, करपट ढेकर, अर्धी भाकरी खाल्ली की पोट टम्म. गावात सगळे म्हणायचे, पित्त आहे, कोकम पी.

"दत्त्या, आत एवढा जाळ आहे तर चूल कशाला पेटवतोस रे?" मी म्हटलं.

हसला बिचारा, पण पोट धरून.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. पोटात जंतू, आणि जंतूंमुळे जखम. दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या. मध्ये सोडल्या तर जंतू निर्ढावतात."

दत्तारामाने मान डोलावली आणि चारच दिवसांत भातकापणीचं निमित्त काढून गोळ्यांसकट गावी पळाला.

आता वाडीत पोट जळणारा हा काय एकटाच होता? शेजारची म्हातारी, भाऊराव, भाऊरावाची सून, सगळ्यांची तीच रड. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरची गोळी आली म्हटल्यावर जो तो ओटीवर. दत्तारामाने प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन ठेवल्या.

"बाबा, गोळ्या घेताय ना?" अनुपमा फोनवर विचारी.

"घेतंय गो."

उरल्या त्या घेतच होता की! वाडीला दोन दिवस बरं वाटलं, याची वाहवा झाली. पोरीला मात्र कोणी काही कळवलं नाही. एरवी कुणाची म्हैस व्याली तरी फोन करतात.

शिमग्याच्या आधी त्याला शौचास काळं होऊ लागलं, मग रक्ताची उलटी. मुंबईला आणला तो पांढराफटक. ऑपरेशन करून पोटाचा तुकडाच काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा खरं बाहेर आलं.

"वाडीतल्या सगळ्यांचाच प्वाट जळता," तो म्हणाला. "मी एकटोच कसो खाव?"

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "आजोबा, दोन गोळ्यांनी त्यांतलं कुणीच बरं झालं नाही. तुम्ही सगळ्या घेतल्या असत्या, तर एक माणूस तरी बरा झाला असता."

अनुपमा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

आता तो वाटीभर पेज पितो, तीही थोडी-थोडी. नव्या गोळ्या अनुपमाने समोर बसून संपवून घेतल्या. परवा भाऊराव गावाहून भेटायला आला. पोट त्याचंही तसंच जळतंय. जाताना दबक्या आवाजात म्हणाला, "दत्ता, ते गोळये परत गावतीत काय रे?"

मला वाटलं, आता हा उशीखाली हात घालणार. पण दत्तारामाने दोन्ही हात पांघरुणात ओढून घेतले.

"तू सोता डॉक्टरांक दाखव, तपासून घे," तो म्हणाला. "माझ्या हातातला आता काय एक घेव नको."