कानबाईच्या मागची भिंत

कोणाच्याही घरी गेलो की मी आधी भिंत ठोकून बघतो. बोटाच्या पेराने, हळूच, नाक जवळ नेऊन. बायको वैतागते. लोकांना वाटतं, याला घर घ्यायचंय. मी शोधत असतो तो ओल्या पुठ्ठ्याचा वास. धुळ्याच्या लॉजमध्ये तो येतो, एसटीच्या सीटला येतो, कधीकधी माझ्याच शर्टाला येतो.

जळगावच्या आमच्या घरात वरच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीतल्या भिंतीत फुटला होता. पाइपांच्या कारखान्यांच्या गावात राहून आम्हाला ते दोन महिने कळलं नाही. कळलं तेव्हा श्रावण लागला होता आणि त्या वर्षी आमची खानदेशी कुलदेवी, कानबाई, आमच्याकडे बसणार होती. पारोळ्याकडचे सगळे भाऊबंद येणार. पाइप दुरुस्त झाला. पण नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीतल्या ज्या भिंतीपुढे चौरंग मांडायचा होता, ती कमरेपर्यंत काळी पडली होती.

पीओपीवाला म्हणाला, "भाऊ, भिंत वाळू द्या. दिवाळीपर्यंत थांबा."

"कानबाई थांबेल का दिवाळीपर्यंत?" मी म्हणालो. धीर हा प्रकार माझ्याकडे नाहीच. कानबाईच्या रविवारच्या आत मी त्या भिंतीवर जिप्सम बोर्ड, दोन्हीकडून पुठ्ठ्यासारखा कागद लावलेला, ठोकून घेतला, वर सोनेरी वेलबुट्टीचा वॉलपेपर. झाकली मूठ सव्वा लाखाची. कानबाई बसली, रोटांचा नैवेद्य झाला, गाणी झाली, भाऊबंदांनी त्या भिंतीपुढे फोटो काढले. सोमवारी विसर्जन करून आलो आणि नानांचा पलंग पुन्हा भिंतीला लावला.

आठवड्याभरात नाना म्हणाले, "याना मांगे ओल शे रे. वास येस माले."

"सेंट मारू का भिंतीला, नाना?" मी म्हणालो. सगळे हसले, नानाही हसले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला, मग दम. वाफारे झाले, काढे झाले, पंप झाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घरात कुठे ओल, बुरशी?"

"नाही," मी पटकन म्हणालो. "पाइप केव्हाच दुरुस्त केला."

नाना शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. परक्या माणसापुढे ते पोराला खोटं पाडणारे नव्हते.

होळीच्या आधी नाना गेले.

पुढच्या श्रावणात वॉलपेपर फुगला, म्हणून बोर्ड काढला. मागचा कागद तव्याच्या बुडासारखा काळा. त्याचा तुकडा पिशवीत बांधून मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, "बोर्डाच्या कागदावर वाढणारी अशी बुरशी विष सोडू शकते. ती मेली तरी विष तिच्या भुकटीत राहतं, श्वासातून आत जातं. पण नानांना यानेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही." मला हलकं वाटावं म्हणून ते बोलले असतील. मला ते अजून छळतं. हो म्हणाले असते, तर निदान मोकळेपणी रडलो असतो.

एक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही. बोर्ड सुटला तेव्हा मागून कडुनिंबाचा पाला पडला. पलंगाच्या उशाशी, झोपल्या झोपल्या हात पोचेल तिथे, बोर्डाच्या कडेला बोटभर फट होती. तिथून कोणीतरी तो आत सारला होता. खालचा पार चुरा झालेला, वरचा अजून ओळखू येणारा. कीड लागू नये म्हणून गावाकडे धान्याच्या कोठीत असाच पाला घालतात. दम लागत असतानाही नाना रोज सकाळी दारातल्या निंबाखाली का जायचे, ते मला तेव्हा कळलं.

मी खाली बसलो आणि मूठभर पाला नाकाशी नेला. नानांना येत होता तो वास मला पहिल्यांदा आला.