गडूचा फोटो

दारू सुटावी म्हणून व्यसनमुक्ती केंद्राने माझ्या मोबाइलमध्ये एक ट्रेनिंग घालून दिलं होतं. रोज वीस मिनिटं. पडद्यावर बाटली आली की बोटाने दूर ढकलायची, पाणी किंवा सरबत आलं की जवळ ओढायचं. हाताला सवय लागली की मनालाही लागते, असं तिथल्या समुपदेशक मुलीचं म्हणणं.

चौथ्या दिवशी मी तिच्या टेबलावर फोन आपटला. बनारसमध्ये हे सगळं हिंदीतच बोलावं लागतं, पण शिव्या माझ्या मराठीतच येत होत्या. दारूचे फोटो म्हणजे काय, तर उंच काचेचे ग्लास, बर्फ, लिंबाची चकती! असलं मी जन्मात प्यायलो नव्हतो. वर दर वेळी फोनमधून टाळ्या वाजायच्या, जसा काही मी बालवाडीत आहे.

ती शांतपणे म्हणाली, "तो अंकल, आप जिसमें पीते थे, उसी की फोटो लाइए. वही डाल देंगे."

घराकडे, दूधविनायकाच्या गल्लीत शिरलो तरी डोकं तापलेलंच होतं. घरी आलो, देवघरातला तांब्याचा गडू उचलला, खिडकीत ठेवला आणि फोटो काढला.

बायको दारात उभी होती. "गडूचा फोटो कशाला?"

मी पितो हे तिला माहीत होतं. पण रोज सकाळी बँकेत कामाला जाण्याआधी, पूजेला बसून, त्या गडूतून पितो हे माहीत नव्हतं. पूजेत कुणी हाक मारत नसे आणि धूप-कापरापुढे वास कळत नसे. सगळं सांगून टाकलं.

"आणि तीर्थ? तेही त्यातूनच द्यायचात ना मला?"

"विसळून घ्यायचो."

"विसळून!" तिने गडू भिंतीवर फेकला. "तुमची दारू सुटावी म्हणून मी दर मंगळवारी देवळात जाऊन मंगला गौरीचे उपास करत होते. ते तीर्थ घेऊन उपास सोडत होते मी! जरा शरम नाही वाटली?"

मला उलट तिचाच राग आला. खरं बोललो, त्याचं हे बक्षीस? दोन दिवस मनातल्या मनात तिच्याशी भांडलो. फोटो केंद्रात देऊन आलो होतो; तिसऱ्या दिवशी तो ट्रेनिंगमध्ये पडद्यावर आला, आणि दूर ढकलायचं सोडून माझ्या बोटाने तो सरळ जवळ ओढला. मग मात्र भांडण थांबलं.

गडू तिने मोडीत दिला. पूजा आता तीच करते, मला हात लावू देत नाही. चौदा महिने मी प्यायलेलो नाही. ती अजून रागावलेली आहे, आणि तो राग रास्त आहे म्हणून तिची समजूत घालायला मी गेलेलो नाही.